संदर्भसूची उभी करून देणाऱ्या ग्रंथपाल मॅडमना

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांवरचा माझा शोधनिबंध स्वीकारला गेला, हे आपल्याला फोनवर कळवलेच आहे. संपादकांच्या अखेरच्या पत्रात संदर्भसूचीविषयी एकही शंका नव्हती. याचे सारे श्रेय आपल्याला आहे आणि ते चारचौघांसमोर सांगितले जावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. संशोधनाच्या कामात ग्रंथपालांचा वाटा किती मोठा असतो, हे छापील निबंधात क्वचितच दिसते. ऋणनिर्देशातील एका ओळीत ते मावतही नाही.

निबंध स्वीकारणाऱ्या परदेशी नियतकालिकाची अट साधी होती : संदर्भ देण्याच्या शिकागो शैलीतील लेखक-वर्ष पद्धत (आधी लेखकाचे नाव, मग प्रकाशनवर्ष) आणि सर्व नोंदी रोमन लिपीत. परंतु ती शैली ज्या पुस्तकांना समोर ठेवून घडली, त्यांच्या शीर्षकपृष्ठावर शके नसतो, लेखकाच्या नावाआधी ‘रा. रा.’ नसते आणि प्रकाशकाच्या जागी छापखान्याचे नाव नसते. माझ्या साधनांत हे सगळेच होते. अशा वेळी हाताशी असलेल्या एखाद्या तालिकेतली नोंद उतरवून घेऊन पुढे जाणे सोपे असते. आपण मात्र पहिल्याच दिवशी सांगितलेत, की तालिकेवर विसंबायचे नाही, प्रत्येक पुस्तकाचे शीर्षकपृष्ठ डोळ्यांनी पाहायचे. त्याप्रमाणे जीर्ण प्रती आपण स्वतः कपाटातून काढून टेबलावर मांडल्यात.

नावांचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटत होता. जुन्या शीर्षकपृष्ठावरचे ‘रा. रा.’ हे राजमान्य राजश्री आहे, ती लेखकाची आद्याक्षरे नव्हेत, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. पण परदेशातल्या मुद्रितशोधकाला ती आद्याक्षरेच वाटणार, हे आपण आधीच ओळखलेत. ‘सौ.’, ‘कै.’ आणि नावामागची ‘बी. ए.’ ही पदवी यांचीही तीच गत. हे सगळे गाळून आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव, असा क्रम आपण लावून दिलात. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात त्या टोपणनावाने आली, म्हणून नोंदही ‘लोकहितवादी’ याच नावाखाली आणि गोपाळ हरी देशमुख हे नाव लगेच चौकटी कंसात, असा निर्णय आपण दिलात. वाचक ज्या नावाने पुस्तक मागेल, त्या नावाने ते सापडले पाहिजे, असे त्यामागचे आपले कारण होते. तुकाराम, एकनाथ यांसारख्या आडनाव नसलेल्या नावांसाठी झोटेरो या संदर्भसूची तयार करणाऱ्या संगणकीय साधनात नावाचे दोन रकाने मिटवून एकच ठेवता येतो, हेही आपणच दाखवलेत. त्याच बैठकीत भाषेच्या रकान्यात मराठीचा संकेत भरायला लावलात. तो रकाना रिकामा असला, की ते साधन मजकूर इंग्रजी आहे असे धरून चालते आणि रोमन लिपीत उतरवलेल्या मराठी शीर्षकातील प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे करते. एका रकान्याने सबंध सूचीचा चेहरा बदलतो, हे मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिले.

शकांविषयी तर आपण जे शिकवलेत, ते कोणत्याही शैलीपुस्तकात इतक्या नेमकेपणाने वाचायला मिळाले नसते. शकात ७८ मिळवायचे, हे शाळेत पाठ केलेले असते. पण शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते आणि शेवटचे महिने पुढच्या इसवी सनात जातात. आपण उदाहरण घेतलेत ‘केसरी’च्या पहिल्या अंकाचे. त्याची तारीख ४ जानेवारी १८८१, मराठी महिना पौष, म्हणजे शके १८०२. त्यात ७८ मिळवले तर १८८० येते, जे चूक आहे, तिथे ७९ मिळवावे लागतात. म्हणून महिना ठाऊक असेल तर तो पाहून एकच सन द्यायचा, आणि शीर्षकपृष्ठावर नुसता शक असेल तर शक तसाच ठेवून कंसात दोन्ही सने द्यायची. ‘जे छापलेले नाही ते आपण ठरवू नये,’ असे आपण म्हणालात. ही शिस्त पुढे मी प्रत्येक नोंदीला लावली.

छापखान्यांच्या बाबतीत आपला सल्ला तितकाच सावध होता. त्या काळी अनेक पुस्तके लेखकच प्रसिद्ध करत आणि शीर्षकपृष्ठावर केवळ छापखान्याचे नाव येई; त्याला प्रकाशक म्हणून नोंदवणे योग्य नव्हते. १९०० पूर्वीच्या पुस्तकांसाठी प्रकाशकाऐवजी प्रकाशनस्थळ देण्याची सोय शिकागो शैलीतच आहे, हे आपण काढून दाखवलेत, आणि मुंबई, पुणे, रत्नागिरी अशी गावांची नावे त्या जागी गेली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशासाठी १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि मी वापरलेले १९७५ चे पुनर्मुद्रण अशी दोन्ही वर्षे दिली, कारण पृष्ठांक पुनर्मुद्रणाचे होते. जोडअंकांना दोन्ही अंकांचे क्रमांक, दिवाळी अंकांना क्रमांक नसेल तर ‘दिवाळी’ हाच शब्द, प्रस्तावनेची पाने स्वतंत्रपणे १ पासून मोजलेली असतील तर पृष्ठांकाआधी ‘प्रस्तावना’, अशा बारीकसारीक गोष्टीही आपल्या नजरेतून सुटल्या नाहीत.

लिप्यंतरासाठी आपण आयएसओ १५९१९ ही पद्धत सुचवलीत आणि ती अखेरपर्यंत मोडू दिली नाहीत. अनुस्वाराचे टिंब रोमन m या अक्षराच्या वर द्यायचे की खाली, शब्दाच्या शेवटचा अ लिहायचा की सोडायचा, यावर पद्धतींमध्ये मतभेद आहेत; आपला आग्रह होता, की एकदा ठरवावे आणि सबंध सूचीत तेच पाळावे. माझ्या मते आपले सर्वांत मोलाचे काम मात्र याच्या पुढचे आहे. रोमन लिपीतील शीर्षकाशेजारी देवनागरी शीर्षकही छापावे, अशी विनंती संपादकांना करायला आपण मला लावलेत आणि त्या पत्राचा मसुदाही वाचून दुरुस्त केलात. कारण मराठी ग्रंथालयात जाऊन ते पुस्तक मागणारा वाचक देवनागरीतच मागणार. संपादकांनी ती विनंती मान्य केली आहे. मराठी साधने परक्या नियतकालिकात आपल्या स्वतःच्या लिपीत उभी राहतील, याचा मला निबंध स्वीकारला गेल्याइतकाच आनंद आहे.

अंतिम मुद्रिते लवकरच येतील. ऋणनिर्देशात आपले आणि ग्रंथालयाचे नाव घालण्याची परवानगी द्यावी, ही नम्र विनंती. आपण हाताने लिहून दिलेला शक आणि सनांचा तक्ता मी टंकलिखित केला आहे. आपण एकदा नजरेखालून घातलात, की तो विभागातील संशोधक विद्यार्थ्यांना देता येईल. मोल्सवर्थची प्रत सोमवारी परत आणून देतो.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक संशोधक