ई-व्हिसाची नकली दुकाने

महोदय,

हंगाम सुरू झाला की गोव्यात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांची लूट विमानात बसण्याआधीच सुरू होते. भारताच्या ई-व्हिसाचे सरकारी संकेतस्थळ एकच आहे आणि त्याचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो. पण इंटरनेटवर शोधले की अशोकस्तंभ आणि ताजमहालाची चित्रे लावलेली खासगी दुकानेच आधी समोर येतात. आमच्या शेजारच्या होमस्टेत उतरलेल्या एका वयस्कर जोडप्याने अशाच ठिकाणी सरकारी शुल्काच्या कितीतरी पट पैसे मोजले. वर त्या लोकांनी पासपोर्ट क्रमांकात शून्याच्या जागी ‘ओ’ हे अक्षर टाकले! क्रमांक जुळला नाही तर ई-व्हिसा कुचकामी ठरतो. बिचाऱ्यांना नव्याने अर्ज करावा लागला, विमानाची तिकिटेही बदलावी लागली. हे चीड आणणारे आहे.

३० दिवसांच्या पर्यटक ई-व्हिसासाठी किमान चार दिवस आधी अर्ज करायचा असतो, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक लागते, दोन पाने कोरी लागतात. बोटांचे ठसे दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरल्यावर घेतले जातात. एवढी साधी माहिती पाहुण्याला आपण का देऊ नये? होमस्टे आणि हॉटेलवाल्यांनी बुकिंग पक्के होताच सरकारी संकेतस्थळाचा दुवा पाठवावा. पर्यटन खात्याने जाहिरातींत तो ठळक छापावा आणि नकली दुकानांविरुद्ध केंद्राकडे पाठपुरावा करावा.

– एक वाचक, म्हापसा