बाबा, तिन्ही ठिकाणी क्लेम टाकायचा

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बाबा ‘बरं बरं’ म्हणतात आणि विषय रंकाळ्यावर नेतात, म्हणून लिहून पाठवतेय.

गणपतीत आईच्या कपाटात साडीच्या दुकानाची ती पिशवी सापडली ना, रबर वितळून कागदाला चिकटलेली? आत तीन हॉस्पिटल कॅश पॉलिसी, म्हणजे ॲडमिट असलेल्या दिवसांचे रोज ठरलेले पैसे देणाऱ्या. एक उद्यमनगरात फाउंड्रीत असताना घेतलेली, दुसरी बँकेत एफडी करायला गेल्यावर गळ्यात पडलेली, तिसरी आईच्या भिशीतल्या काकूंच्या भाच्याकडची. तिन्हींवर पेन्सिलीने ‘चालू’.

श्रावणात डेंग्यूने चार दिवस ॲडमिट होतात. पहिलीचे रोज १००० आणि पहिला दिवस धरत नाहीत, म्हणून ३००० आले. तेवढ्यावर तुम्ही थांबलात. दुसरीचे रोज २००० होते, चारही दिवसांचे. तिसरीचे ५००, पण पहिले दोन दिवस वजा. म्हणजे ९००० सोडून दिलेत, आणि वर मलाच ऐकवलंत, ‘एका तापाचे तीन ठिकाणी पैसे? लबाडी आहे ती.’

मेडिक्लेमला तुमचं म्हणणं लागू पडतं. बिल ६० हजार असेल तर दोन कंपन्या मिळून ६० हजारच देतील. कॅश पॉलिसी मात्र बिलाकडे बघतच नाही. दिवस मोजते आणि ठरलेले पैसे देते. ते रिक्षाला घाला, शहाळ्याला घाला, कोण विचारत नाही. अशा पॉलिसी एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येक कंपनीने दुसरीकडे काय मिळालं ते न बघता पैसे द्यायचे, हे विमा नियामकाच्या २०१६ च्या नियमावलीतच होतं. हप्ते तीन भरायचे आणि मागायचं एकीकडेच, हा कुठला हिशोब?

लबाडी असलीच तर दुसरीकडे आहे. तिसरी पॉलिसी घेतानाच्या फॉर्मवर ‘इतर पॉलिसी आहेत का’ पुढे ‘नाही’ लिहिलंय. अक्षर भाच्याचं, पण सही तुमची. ते उत्तर दुरुस्त करायचं पत्र मी टाइप केलंय.

आणि तिसरी पुढच्या वर्षी बंद करूया. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन सकाळी जाऊन दुपारी परत येण्यातलं असतं. चोवीस तास ॲडमिट नसलं तर असल्या पॉलिसीतून सहसा काही सुटत नाही. गुडघा बदलायची वेळ आली तर रोजचे पाचशे कुठे पुरणार? तो हप्ता मेडिक्लेमचं कव्हर वाढवायला घालू. मेडिक्लेम मात्र काहीही झालं तरी सोडायचा नाही. बाबांना सत्तर पूर्ण झालीत, तेव्हा आयुष्मान कार्डही काढू. २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात. फक्त योजनेतलं हॉस्पिटल लागतं.

पुढच्या वेळी (न येवो) डिस्चार्ज घेतानाच सगळ्या कागदांचे दोन जादा झेरॉक्स सेट काढून त्यांवर हॉस्पिटलचा शिक्का घ्यायचा. मूळ बिलं मेडिक्लेमवाले ठेवून घेतात, मग बाकीच्यांना द्यायला हातात काही उरत नाही.

डेंग्यूच्या क्लेमची मुदत गेली असेल, तरी उशिराचं कारण लिहून दोन्हीकडे अर्ज देऊन बघू. शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने उतरतेय. पिशवी बाहेर काढून ठेवा. आणि बाबा, तोवर ते डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून आणू नका.

तुमची,
माई