नोटर डेमने आता पूर्ण सभासद व्हावे

मा. संपादक महोदय,

सविनय नमस्कार.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलविषयी बेळगावातून पत्र यावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु सीमाभागातील अनेक घरांतील मुले आज तिकडे शिकतात किंवा नोकरी करतात. माझा मुलगा इंडियाना राज्यात आहे आणि त्याच राज्यातील नोटर डेम विद्यापीठाच्या संघाविषयी आमच्या घरी गेली काही वर्षे जो वाद चालतो, त्यात मला माझे मत ठामपणे मांडावयाचे आहे. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा तो खेळ आहे. वाद मात्र कोणत्याही खेळात उद्भवू शकेल असा आहे.

तिकडची विद्यापीठे आपापसांत कायमचे गट करून खेळतात. या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. गटातील सामने ठरलेले असतात, गुणतक्ता असतो, डिसेंबरच्या सुरुवातीला गटाचा अंतिम सामना होतो आणि दूरचित्रवाणीचे उत्पन्न सभासदांत वाटले जाते. नोटर डेम फुटबॉलपुरते अशा कोणत्याही गटात नाही. इतर बहुतेक खेळांसाठी ते 2013 पासून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे, म्हणजे एसीसीचे, सभासद आहे आणि फुटबॉलमध्येही त्या गटातील संघांशी दरवर्षी सरासरी पाच सामने खेळते. मात्र गुणतक्त्यात त्याचे नाव नसते. 1991 पासून त्याच्या घरच्या मैदानावरील सामने एनबीसी वाहिनी स्वतंत्र कराराने दाखवत आली आहे.

2025 च्या हंगामात या संघाने मायामी आणि टेक्सास ए अँड एम यांच्याविरुद्धचे पहिले दोन सामने अगदी थोड्या फरकाने गमावले आणि पुढचे दहाच्या दहा जिंकले. तरीही राष्ट्रीय विजेतेपदाच्या बारा संघांत त्याला जागा मिळाली नाही. तेवढेच सामने जिंकलेला आणि तेवढेच हरलेला मायामीचा संघ मात्र आत गेला. माझ्या मुलाला हा सरळसरळ अन्याय वाटतो. मला तसे वाटत नाही. त्या हंगामात बारांपैकी पाच जागा गटविजेत्यांसाठी राखीव होत्या आणि उरलेल्या सात निवड समिती ठरवत होती. जो संघ गटातच नाही, तो गटविजेता कधीच होऊ शकत नाही. म्हणजे नोटर डेम दर हंगामाच्या पहिल्याच दिवशी पाच दारे स्वतःच्या हाताने बंद करून मैदानात उतरते. 2024 च्या हंगामात तर पहिल्या फेरीत थेट पुढे चाल मिळण्याचा मान फक्त गटविजेत्यांनाच होता. त्या वर्षी हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि ओहायो स्टेटकडून 34-23 असा हरला, पण तेथवर येण्यासाठी त्याला पहिल्या फेरीचा एक सामना जास्त खेळावा लागला होता.

निवड समितीच्या मर्जीवर हंगाम अवलंबून असणे म्हणजे काय, हे मी स्वतः अनुभवले आहे. मी एका महाविद्यालयाच्या संघाला, अर्थात आपल्याकडच्या फुटबॉलच्या, अनेक वर्षे शिकवले. आमचा संघ कोणत्याही साखळी स्पर्धेत नव्हता; मिरज, धारवाड, गोवा येथील निमंत्रितांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा आम्ही खेळत असू. एका वर्षी मुलांची तयारी उत्तम असताना दोन संयोजकांनी आम्हाला निमंत्रणच पाठवले नाही, आणि शेवटच्या वर्षाला असलेली तीन मुले एकही मोठा सामना न खेळता पदवी घेऊन बाहेर पडली. त्यांना काय सांगावे, हे मला तेव्हाही कळले नव्हते आणि आजही कळत नाही. त्याच काळात मी कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, म्हणजे केएसएची, साखळी स्पर्धा पाहण्यास जात असे. तेथे पाटाकडील किंवा दिलबहार तालमीचा संघ एखादा सामना हरला, तरी त्याचा पुढचा सामना ठरलेला असे आणि शेवटी कोण कोठे उभा आहे हे गुणतक्त्यावरून ठरत असे. कोणाच्या दारात जाऊन आमचा विचार करा असे म्हणण्याची वेळ त्याच्यावर येत नसे.

नोटर डेमच्या स्वतंत्र राहण्याला केवळ अहंकार म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत या कॅथलिक विद्यापीठाने शेजारच्या राज्यांतील मोठ्या गटात प्रवेश मागितला होता आणि तो नाकारला गेला. मग तो संघ आगगाडीने देशभर फिरून खेळू लागला, आणि जागोजागच्या कॅथलिक स्थलांतरितांनी त्याला आपला मानले. ज्याने दार लावले होते त्याच गटाने पुढे बोलावले, तेव्हा 1999 मध्ये विद्यापीठाने नकार दिला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ज्यांना न विचारता दुसऱ्या राज्यात घातले गेले, त्या आम्हा सीमावासीयांना या नकारामागचा स्वाभिमान वेगळा समजावून सांगावा लागत नाही. परंतु येथे कोणी कोणाला ओढून नेत नाही. प्रश्न स्वेच्छेने सामील होण्याचा आहे, आणि तोही जेथे निम्मा संसार आधीच मांडलेला आहे तेथे.

दोन डगरींवर पाय ठेवण्याचे दुखणे डिसेंबर 2025 मध्ये उघड दिसले. निवडीच्या चर्चेत एसीसीने मायामीची बाजू उचलून धरली, म्हणून नोटर डेमच्या क्रीडा संचालकांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. परंतु पूर्ण सभासद आणि पाहुणा यांच्यात निवड करण्याची वेळ आली, तर गटाने आणखी काय करावयास हवे होते? वर्षाला पाच सामने खेळून, गटाच्या अंतिम सामन्याची जोखीम न घेता, त्याच गटाकडून पाठिंब्याची अपेक्षा ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. त्या हंगामापर्यंत पूर्ण सभासदाला गटात आठ सामने खेळावे लागत, म्हणजे फरक अवघ्या तीन सामन्यांचा होता.

यावर माझा मुलगा एसीसीमधीलच ड्यूक विद्यापीठाचे उदाहरण देतो. 2025 मध्ये एसीसीचे विजेतेपद ड्यूकने मिळवले, तरी त्यालाही बारांत जागा मिळाली नाही, कारण त्या हंगामात पाच जागा सर्वांत वरच्या मानांकनाच्या पाच गटविजेत्यांना मिळत होत्या. हे खरे आहे, पण ड्यूक तोपर्यंत पाच सामने हरला होता. दहा विजय आणि त्यावर गटाचे विजेतेपद असलेल्या संघाला कोणत्या समितीने बाहेर ठेवले असते? 2020 मध्ये साथीमुळे नोटर डेम एकच हंगाम एसीसीचा पूर्ण सभासद म्हणून खेळले. गटाच्या अंतिम सामन्यात क्लेमसनकडून 34-10 असे हरले, तरीही तेव्हा चारच संघांच्या असलेल्या राष्ट्रीय स्पर्धेत निवडले गेले.

गट आज आहेत, उद्या नसतील, हा त्याचा दुसरा मुद्दा मला अधिक गंभीर वाटतो. पॅसिफिक किनाऱ्यावरील जुना गट 2024 मध्ये फुटला आणि त्यात दोनच संघ उरले. एसीसीवर तर तिच्याच दोन मोठ्या सभासदांनी दावे लावले होते, जे 2025 मध्ये तडजोडीने मिटले. परंतु बाहेर राहिलेल्यांची संख्याही पाहावी. पेन स्टेट 1993 मध्ये, ब्रिगहॅम यंग 2023 मध्ये, लष्करी अकादमी 2024 मध्ये गटात गेली. सर्वोच्च श्रेणीत 2025 मध्ये स्वतंत्र उरले ते नोटर डेम आणि कनेक्टिकट एवढेच दोन संघ.

जुने स्नेहसंबंध तुटतील, ही भीतीही बोलून दाखवली जाते. दुसऱ्या महायुद्धात नौदलाने आपल्या अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण नोटर डेमच्या आवारात चालवले आणि विद्यापीठ तगले. त्या उपकाराची आठवण म्हणून नौदल अकादमीबरोबरचा, 1927 पासून चालत आलेला सामना ते आजही खेळतात. हा सामना मोडू नये, असे मलाही मनापासून वाटते. परंतु नौदल अकादमी स्वतः 2015 पासून एका गटाची सभासद आहे आणि तरीही नोटर डेमशी खेळते. लष्कर व नौदल यांचा वार्षिक सामनाही, दोघे एकाच गटात असूनही, गटाबाहेरचा म्हणूनच होतो.

एनबीसीबरोबरचा सध्याचा करार 2029 पर्यंत आहे, आणि 2036 पूर्वी फुटबॉलसाठी गट निवडावयाचा झाल्यास तो एसीसीच असला पाहिजे, असे नोटर डेमने आधीच मान्य केलेले आहे. तेव्हा 2029 च्या नव्या कराराची बोलणी सुरू होण्यापूर्वीच विद्यापीठाने एसीसीकडे पूर्ण सभासदत्वाचा अर्ज करावा आणि नौदल अकादमीविरुद्धचा सामना दरवर्षी गटाबाहेर खेळू द्यावा, एवढी एकच अट त्यात लिहावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
टिळकवाडी, बेळगाव