नुसता बॉक्स देऊ नका साहेब, छत्री कुठं फिरवायची तेही सांगा

मा. माहिती आणि प्रसारण मंत्री, भारत सरकार, यांना सोलापूर जिल्ह्यातून नमस्कार.

साहेब, मी अक्कलकोट तालुक्यातल्या बोरी नदीकाठच्या एका गावातला वायरमन. आयटीआय केलंय, मोटारी भरतो, घरांचं लाइट फिटिंग करतो आणि बरीच वर्षं झाली, लोकांच्या घरावर टीव्हीच्या छत्र्या बसवतो. डिश म्हणा, अँटेना म्हणा, आमच्याकडं सगळे छत्रीच म्हणतात. तुम्हाला पत्र लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण परवा एक प्रकार झाला आणि मग राहवलंच नाही.

मागच्या आठवड्यात वळीव झाला. वारं असलं सुटलं की कडब्याच्या गंजीवरचा कागद उडून थेट ओढ्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीतल्या एका आज्जींचा नातू आला, म्हणाला टीव्ही बंद पडलाय, नो सिग्नल येतंय. आज्जी एकट्याच असतात दिवसभर, पोरगं आणि सून रानात. घरात कन्नड बोलतात, त्यामुळं डीडी चंदना हे दूरदर्शनचं कन्नड चॅनल लावून बसतात, आणि सात वाजता सह्याद्रीवरच्या बातम्या. महिन्याला एक रुपया भरावा लागत नाही म्हणून दूरदर्शनची फ्री डिश घेतलेली. मी दुपारी गेलो तर आज्जी म्हणाल्या, अरे सकाळीच बाजारगावातनं एक मेकॅनिक बोलावला होता, त्यानं एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल पकडणारा डबा) गेली म्हणून नवीन टाकली, सहाशे रुपये घेतले, तरी काही दिसंना, मग बॉक्सच (सेट-टॉप बॉक्स) खराब झालाय नवा घ्या म्हणून निघून गेला. मी माळवदावर चढलो. छत्रीच्या मागचा नट सैल झालेला आणि छत्रीची कड जेमतेम दोन बोटं खाली आलेली. एवढंच. पाना लावला, वर उचलली, नातवाला टीव्हीपुढं उभं केलं, तो सिग्नलच्या क्वालिटीचा आकडा ओरडून सांगत होता आणि दहाव्या मिनिटाला चंदना लागलं. आज्जींचे सहाशे रुपये मात्र गेले, निराधार पेन्शनमधले.

दोन बोटांनी एवढं काय होतं असं वाटेल, म्हणून सांगतो. आपली फ्री डिश जीसॅट-१५ या सॅटेलाइटवरनं येते. ते विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. घरावरची छत्री साधारण ६० सेंटिमीटरची, म्हणजे तिची कड एक सेंटिमीटर खालीवर झाली की नेम जवळजवळ एक अंशानं चुकतो, दोन-तीन अंश चुकला की चित्र गेलं. आणि शेजारीच ९५ अंशावर दुसऱ्या डिशवाल्यांची सॅटेलाइट आहेत. त्यामुळं काय होतं, नवखा माणूस स्ट्रेंथची पट्टी भरलेली बघून खूश होतो, पण ती पट्टी एलएनबी चालू आहे एवढंच सांगते, बघायची असते ती क्वालिटी, आणि ती शून्यावरच असते. मग बिचारा दिवसभर छत्री गरागरा फिरवत बसतो, शेवटी बॉक्सला शिव्या घालतो.

सोलापूर भागातनं हे सॅटेलाइट कुठं दिसतं? आग्नेयेला, उत्तरेकडनं मोजलं तर साधारण १३४ अंशावर आणि जमिनीपासनं साधारण ६१ अंश वर. हे दोन आकडे आहेत फक्त! हे दोन आकडे मला कुणी सांगितले नाहीत साहेब, मी अक्षांश-रेखांशावरनं काढले, आयटीआयला त्रिकोणमिती थोडी झाली होती म्हणून जमलं. बाजारातनं आणलेल्या बॉक्सबरोबर जो कागद येतो त्यात बारीक अक्षरात इंग्लिश असतं आणि आपल्या गावातनं कुठल्या दिशेला बघायचं हे काही त्यात सापडत नाही. शिवाय छत्री नाकासमोर बघत नाही हे कुणाला माहीत नसतं. तिची बनावटच अशी असते की तिचं तोंड जेवढं वर दिसतं त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर ती बघत असते, हे माहीत नसल्यानं लोक तिला आभाळाकडं पार उताणी करून ठेवतात आणि सिग्नल का नाही म्हणून विचारतात. मोबाइलच्या कंपासवर दिशा बघतात ते पण लोखंडी पाइपला मोबाइल टेकवून, मग सुई भलतीकडंच जाते. चार पावलं लांब उभं राहून बघायला पाहिजे. एलएनबी नुसती खोचून चालत नाही, तिला पीळ द्यावा लागतो, हेही कुठं लिहिलेलं नसतं.

आणि आमच्या घरांचं बघा. निम्मी जुनी घरं माळवदाची, मातीचं छप्पर, त्यात फास्टनर ठोकला तर पहिल्या पावसात हलतो आणि भोक पडून घर गळतं ते वेगळंच. मी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात सिमेंट-खडी भरून त्यात पाइप उभा करतो आणि डब्याखाली फरशी ठेवतो. पत्र्याच्या घराला तर पत्र्यावर बसवूच नये, वाऱ्यानं पत्रा थरथरला की छत्रीपण थरथरते, बाजूच्या भिंतीला अँगल मारून घ्यावा. आग्नेयेला लिंबाचं झाड असेल तर आधी ते बघावं, आज फांदी आडवी नसली तरी दोन पावसाळ्यांत येते. नीट नेम धरलेली छत्री बारक्या पावसात टिकते, नुसता मोठा पाऊस आला की जाते आणि पाऊस उघडला की आपोआप येते, डिशचे सिग्नल ज्या लहरींवर येतात त्या केयू बँडचं तसंच असतं. पण कसाबसा नेम लागलेली छत्री ढग आला तरी बंद.

अजून एक गंमत नाही पण खरंच सांगण्यासारखी गोष्ट. दरवर्षी मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास, काही दिवस रोज काही मिनिटं चित्र फाटतं किंवा जातं. सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागं येतो म्हणून. काही बिघडलेलं नसतं, पंधरा मिनिटं थांबलं की झालं. पण त्या दिवसात मला फोनवर फोन, आणि जे मला विचारत नाहीत ते दुसऱ्याला पैसे देऊन बॉक्स उघडून बसतात. टीव्हीवरच आदल्या दिवशी मराठीत एक पट्टी फिरवली तर लोकांचे किती पैसे वाचतील.

आता मूळ मुद्दा. आमचं गाव खळग्यात आहे, टॉवरवरनं जेव्हा दूरदर्शन यायचं तेव्हासुद्धा बांबूला अँटेना बांधून मुंग्याच जास्त दिसायच्या. पुढं सरकारनं ते जुने अॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद केले, मार्च २०२२ पर्यंत देशभरातले जवळजवळ सगळे गेले, मोजके सीमेवरचे वगैरे ठेवले. त्याबद्दल तक्रार नाही, जुनं तंत्र होतं, जाणारच होतं. पण टॉवर होता तेव्हा तो सांभाळायची जबाबदारी सरकारची होती. आता तीच जबाबदारी प्रत्येक घराच्या माळवदावर आली आणि घरातल्या माणसाला कुणी काही शिकवलं नाही.

माझी सासुरवाडी पलीकडं इंडी भागात, कर्नाटकात. तिथले म्हातारे लोक १९७५-७६ सालची गोष्ट सांगतात. साइट नावाचा प्रयोग होता, अमेरिकेचं एटीएस-६ सॅटेलाइट वर्षभर मिळालं होतं, सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत टीव्ही ठेवले, त्यात आमच्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे होते. कोंबड्यांच्या जाळीची दहा फुटी छत्री! पण ती छत्री सरकारी माणसांनी येऊन बसवली, नेम लावला आणि बिघडली की दुरुस्तीला येत होते. ५० वर्षांपूर्वी जे जमलं ते आता का जमू नये? आता तर छत्री दोन फुटाची आहे.

२०२३ च्या जानेवारीत तुमच्या खात्याच्या बाइंड योजनेला (आकाशवाणी-दूरदर्शन सुधारायची) मंजुरी मिळाली, २,५३९ कोटींची, २०२५-२६ पर्यंतची, त्यात ८ लाखांहून जास्त फ्री डिश बॉक्स फुकट वाटायचे होते. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त, सीमेवरचे भाग आणि आकांक्षित जिल्हे (मागं राहिलेले म्हणून सरकारनं निवडलेले) यांना. चांगलंच आहे, त्यांना मिळायलाच पाहिजे. पण आमचं दुखणं असं की ही बोरी नदी नळदुर्गाकडनं येते, नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात, आणि धाराशिव आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. सोलापूर नाही. म्हणजे नदी तीच, खळगा तोच, ज्वारी तीच, कोरडा दुष्काळ तोच, फक्त वरच्या अंगाची गावं यादीत आणि खालच्या अंगाची बाहेर. सिग्नलला जिल्ह्याची हद्द कळत नाही साहेब. पुढच्या योजनेत जिल्हा बघू नका, गाव बघा. मंगळवेढ्याच्या, सांगोल्याच्या वाड्यावस्त्या, अक्कलकोटची हद्दीवरची गावं, जिथं मोबाइलला पण धड रेंज नाही, ती आधी घ्या. कुणी म्हणतं आता प्रसार भारतीचं वेव्हज अॅप आहे, मोबाइलवर बघा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं ते, चांगलं आहे, मी स्वतः शहरात गेलो की बघतो. पण गावात एका काडीवर गोल फिरत राहतं, आणि आज्जीकडं साधा बटणाचा फोन.

बॉक्स आणि छत्री दीड-दोन हजारांत येते, कर्ज काढून का होईना लोक घेतात. अडतं ते बसवण्यात. म्हणून माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक आयटीआयमध्ये दोन दिवसांचं छत्री बसवायचं शिक्षण द्या, गावातली दोन पोरं, पोरी पण, तयार करा, एक साधा सिग्नल मीटर ग्रामपंचायतीत ठेवा. तालुक्यागणिक दिशा आणि उंची लिहिलेला एका पानाचा मराठी कागद छापा आणि आमच्या हद्दीवर मागच्या बाजूला कन्नडमध्ये. चॅनल बदलले की रीट्यून करायला, म्हणजे चॅनल परत शोधायला लागतात, जुन्या एमपेग-२ पद्धतीच्या बॉक्सवर नव्या एमपेग-४ पद्धतीचे चॅनल दिसत नाहीत, हे आधी सांगा. आणि ज्या टीव्हीच्या आतच सॅटेलाइट ट्यूनर असतो त्याचं आयएसआय प्रमाण २०२२ सालीच निघालंय, आयएस १८११२, तसले टीव्ही स्वस्तात बाजारात येतील असं बघा, वेगळ्या बॉक्सची कटकटच जाईल.

एक काळजी आहे ती पण लिहितो. जीसॅट-१५ नोव्हेंबर २०१५ मध्ये आकाशात सोडलं, त्याचं ठरलेलं आयुष्य १२ वर्षांचं, म्हणजे २०२७ पर्यंतचं. त्यानंतर जे येईल ते त्याच ९३.५ अंशावरच ठेवा आणि तसं आत्ताच जाहीर करा. जागा बदलली तर देशातल्या ४ कोटींहून जास्त घरांवरची छत्री फिरवावी लागेल, आणि ती फिरवणारी माणसं कुठं आहेत हे मी वर सांगितलंच.

मृग निघायच्या आत मला अजून पाच घरांच्या छत्र्या आवळायच्या आहेत, नंतर माळवद निसरडं होतं, चढता येत नाही. आज्जींनी ती काढलेली जुनी एलएनबी जपून ठेवलीय, ती चांगली आहे, पुढच्या ज्या घराला लागेल तिथं बसवा म्हणाल्या.

तुमचा नम्र,
अक्कलकोट तालुक्यातला एक वायरमन, जि. सोलापूर