थिसिस करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,

परवा तुमचा फोन आला तेव्हा बाळ मांडीवर होतं. आधी अभ्यासातून काय निघालं ते समजावलंत, मग म्हणालात ताई, थिसिस मंजूर झाला, कॉन्फरन्समध्ये पेपरला पहिलं बक्षीस मिळालं, तुम्हाला कळवायचं होतं. मी नुसती अभिनंदन अभिनंदन म्हणत राहिले, दुसरं काही सुचलंच नाही. फोन ठेवल्यावर मात्र रडू आलं. म्हणून आता लिहिते, आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण तुमच्यासारखे पीजी डॉक्टर ड्युटीच्या पलीकडे अजून काय काय करत असतात हे मला तरी बाळंतपणापर्यंत माहीत नव्हतं.

अॅडमिट झाले त्या दिवशी तुम्ही फॉर्म घेऊन आलात. आधीच चार-पाच कागदांवर सह्या झाल्या होत्या, मी वैतागलेलीच होते. पण तुम्ही स्टूल ओढून बसलात आणि साध्या भाषेत सांगितलंत की बाळंतपणात रक्त किती गेलं हे बऱ्याचदा नुसतं डोळ्यांनी बघून ठरवतात, आणि अंदाज चुकतो, रक्त जितकं जास्त तितका तो कमीच धरला जातो. मला ते मोजायचंय म्हणालात. मी नाही म्हटलं तरी माझ्या ट्रीटमेंटमध्ये काही फरक पडणार नाही हे दोनदा सांगितलंत. तुमचे डोळे तारवटलेले होते, बहुतेक आदल्या रात्रीपासून ड्युटीवर होतात. मी सही केली.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. बाळ रडलं, वार पडली, सगळे खूश, सिस्टर म्हणाल्या बीपी छान आहे, आणि मलाही वाटलं संपलं एकदाचं. तुम्ही मात्र वाकून माझ्याखाली लावलेल्या, रक्त मोजायच्या त्या रेघा असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघत होतात. कोणीतरी म्हणालं तीनशे मिली असेल. तुम्ही म्हणालात, नाही, साडेपाचशेच्या वर गेलंय आणि अजून येतंय. आवाज चढवला नाहीत, पण त्यानंतर खोलीतली सगळी हालचाल बदलली. एकीने पोटावरून गर्भपिशवी चोळायला घेतली (ते दुखणं मी विसरणार नाही), एकीने सलाईन वाढवलं, पिशवी आकसायचं इंजेक्शन गेलं, मग रक्त थांबवायचं दुसरं इंजेक्शन, आणि तुम्ही आत कुठे फाटलंय का ते तपासत होतात, हे सगळं एकामागून एक नाही, जवळजवळ एकाच वेळी. थोड्या वेळाने तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवलात आणि म्हणालात पिशवी घट्ट झाली ताई, आता झोपा.

तिसऱ्या दिवशी मी विचारलं की बीपी छान होतं मग एवढी धावपळ का, तेव्हा राऊंड संपल्यावर तुम्ही परत आलात आणि समजावलंत. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, त्यामुळे बरंच रक्त गेलं तरी नाडी आणि बीपी सुरुवातीला नॉर्मलच दिसतात आणि ते बिघडेपर्यंत उशीर झालेला असतो. दिवस भरलेले असताना गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्धा लिटरच्या वर रक्त वाहत असतं. वार सुटल्यावर पिशवी आकसली तरच त्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, ती सैल राहिली तर काही मिनिटांचाच खेळ असतो. अंगावर काटा आला होता माझ्या. आणि तेव्हा कळलं की तुम्ही मोजत होतात म्हणजे काय करत होतात.

घरी आल्यावर रात्री बाळाला पाजताना मी वाचत बसायचे. मला दिलेलं ते रक्त थांबवायचं औषध, ट्रानेक्सॅमिक अॅसिड, जपानमधल्या उताको ओकामोतो आणि त्यांच्या नवऱ्याने १९६०च्या दशकात शोधलं. बाई लेकीला पाठीवर बांधून लॅबमध्ये काम करायच्या! हे बाळंतिणींवर तपासून बघा असं त्यांना फार वाटायचं, पण तेव्हा डॉक्टर तयार झाले नाहीत. शेवटी २१ देशांतल्या २०,०६० बायकांवर मोठी ट्रायल झाली आणि २०१७ मध्ये निकाल आला की ३ तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. ओकामोतो त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या. आणि ती रेघांची पिशवी लावून, रक्त मोजून, सगळे उपाय एकदम सुरू करायचे, हे आफ्रिकेतल्या ४ देशांतल्या ८० हॉस्पिटलांत तपासलं गेलं, २०२३ मध्ये छापून आलं, तिथे जीवघेणा रक्तस्राव आणि त्यातून होणारे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. दोन लाखांहून जास्त बायका होत्या त्यात. म्हणजे कुठल्या कुठल्या अनोळखी बायका त्या अभ्यासांत आल्या म्हणून त्या दिवशी माझ्यासाठी काय करायचं ते तुम्हाला माहीत होतं. मी वैतागून सही केली होती याचं तेव्हा फार वाईट वाटलं.

लोक म्हणतात पीजीचा थिसिस म्हणजे डिग्रीपुरता, कपाटात जातो. मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही रात्री तीन वाजता ओल्या पॅडचं वजन करून त्यातून कोऱ्या पॅडचं वजन वजा करताना मी स्वतः पाहिलंय, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली असं पुटपुटत वहीत लिहीत होतात, तेही दुसऱ्या बाईला टाके घालून आल्यावर, जेवण झालं होतं की नाही देव जाणे. शेजारच्या बेडवरची सांगत होती की तिने फॉर्मला नाही म्हटलं, तरी तुम्ही रोज तिचीही तेवढीच विचारपूस करायचात.

बक्षीस मोठंच आहे, त्याचा मला खूप अभिमान वाटतो, अगदी घरातल्या पोरीला मिळाल्यासारखा. पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तुम्ही फोन केलात. त्या अभ्यासातला माझा तो एक आकडा, ७५० मिली, त्यामागे कोण होतं हे तुम्ही लक्षात ठेवलंत आणि अभ्यासातून काय निघालं ते मला आधी समजावून सांगितलंत, बक्षिसाचं नंतर. आता तुमच्या लेबर रूममध्ये प्रत्येक बाळंतिणीला ती पिशवी लावतात म्हणालात ना, ते ऐकून मी बाळाला उगाचच घट्ट धरलं.

थँक्यू मॅडम. मोजल्याबद्दल, स्टूल ओढून बसल्याबद्दल, आणि परत येऊन सांगितल्याबद्दल. तुमच्या गाईड मॅडमना आणि त्या रात्रीच्या दोन्ही सिस्टरनाही माझा नमस्कार सांगा. आता माझं हिमोग्लोबिन बारा आहे, बाळ पालथं पडायला लागलंय. आणि पुढच्या अभ्यासासाठी बाळंतपणानंतरच्या आया लागल्या तर माझा नंबर तुमच्याकडे आहेच, या वेळी फॉर्म पूर्ण वाचून सही करेन.

तुमची,
बेड नंबर अकरा