बारा मीटरवर बुडालेला टॉर्च आणि नाकारलेली वॉरंटी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: डायव्हिंग टॉर्चमध्ये पाणी शिरल्याबाबत व वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

तुमच्याकडून ९,८०० रुपयांना घेतलेला टॉर्च अंदमानात, स्वराज द्वीपला, रात्रीच्या डाइव्हमध्ये जेमतेम बारा मीटरवर निकामी झाला. खोक्यावर १०० मीटर छापलंय. त्यावर 'ग्राहकाने ओ-रिंग स्वतः बदलल्याने वॉरंटी रद्द' असं तुमचं दोन ओळींचं उत्तर आलं. हे पत्र त्या उत्तराबद्दल आहे.

ओ-रिंग, म्हणजे झाकणातून पाणी आत शिरू नये म्हणून बसवलेली रबरी रिंग, मी बदलली, हे खरं. लपवलेलं नाही, तक्रारीत मीच लिहिलं होतं. त्या दुपारी झाकण उघडून रिंग पुसताना तिला नखाला लागेल एवढी चीर दिसली. रिंग खराब दिसल्यास सोबतच्या पुडीतली सुटी रिंग बसवा, असं तुमचंच पत्रक सांगतं. पोर्ट ब्लेअरहून फेरीने दोनेक तास लागतात अशा बेटावर रिंगेसाठी दुकान कुठे शोधणार? म्हणून तर लुमेनच्या, म्हणजे उजेडाच्या, आकड्यांना न भुलता, सुटी रिंग सोबत मिळते हे बघून मी तुमचा टॉर्च निवडला होता. खोबण पुसली, तुमच्याच पुडीतलं ग्रीस रिंगेला चमक येईल इतकंच लावलं आणि झाकण घट्ट बसवलं.

पाण्यात पंधराएक मिनिटं झाली असतील. काच आतून दुधाळ झाली, प्रकाश पिवळा पडला, दोनदा लुकलुकला आणि गेला. मुलगी सोबत होती. तिने तिच्या टॉर्चने गोल काढून 'ठीक ना?' विचारलं, तर उत्तर द्यायला माझ्याकडे उजेडच नव्हता. रात्री दोन दिवे न्यायचेच हा आमच्या इन्स्ट्रक्टरचा दंडक, म्हणून जॅकेटला छोटा टॉर्च अडकवलेला होता. वर आल्यावर झाकण तोंडापासून लांब धरून सावकाश सोडलं, तर फुस्स करून हवा बाहेर आली. खाऱ्या पाण्यात लिथियम सेल भिजला की आत गॅस साठतो. पत्रकात याबद्दल एक अक्षर नाही. माहीत नसलेला माणूस तो पोटाशी धरून उघडेल.

मी सातपूरच्या टूलरूममध्ये बावीस वर्षं काढली आहेत. घरी आल्यावर दोन्ही रिंगा व्हर्नियरमध्ये, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या मापकात, धरल्या. मूळ रिंगेची जाडी २ मिमी, पुडीतल्या रिंगेची १.७८. म्हणजे मिलिमीटर मापाच्या खोबणीत इंची मापाची रिंग! खोबणीत रिंगेला जागा १.६ मिमी. रिंग दबून घट्ट बसते म्हणूनच पाणी अडतं. मूळ रिंग ०.४ दबते, तुमची सुटी रिंग ०.१८, निम्म्याहून कमी. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, आणि पुडीवर मॉडेल नंबर याच टॉर्चचा आहे. फोटो जोडले आहेत.

कहर म्हणजे, 'सेलसकट टॉर्च एअर कुरिअरने पाठवा, नाहीतर तक्रार बंद' असं तुमचा प्रतिनिधी फोनवर म्हणाला. खराब झालेला लिथियम सेल विमानाने पाठवायला बंदी आहे. तो मी डाइव्ह सेंटरच्या मागे वाळूच्या बादलीत ठेवून आलो. चांगले सुटे सेलसुद्धा चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, म्हणून डबीत घालून केबिन बॅगेतून आणले. टॉर्च विकणाऱ्यांना हे मी सांगायचं?

मला पूर्ण पैसे परत हवेत. आणि ही पुडी ज्यांना ज्यांना गेली आहे, त्या सगळ्यांना कळवा. माझ्या पैशांपेक्षा ते जास्त तातडीचं आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे त्यासाठी तुमच्या गावी यावं लागत नाही, नाशिकलाच दाखल करता येतं.

दोन्ही रिंगा मी पाठवणार नाही. वेगवेगळ्या पुड्यांत घालून ठेवल्या आहेत. माणूस पाठवा, माझ्यासमोर मोजू दे. व्हर्नियर माझ्याकडे आहे.

आपला,
एक ग्राहक, नाशिक