रविवारच्या वाइन बैठकीबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी संध्याकाळी 6 वाजता, विश्रामबागला नेहमीच्याच ठिकाणी.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात. पण ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. सांगलीतल्या उन्हाळ्यातली नव्हे! म्हणून रेडसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवू. व्हाइट 8 ते 10 अंशांवर.

ग्लास दांडीला धरा, एक तृतीयांशच भरा. हलकेच फिरवून आधी वास घ्या, मग छोटा घोट तोंडात घोळवा. थुंकायला भांडी ठेवतोय, लाजू नका. अत्तर, गजरा, तंबाखू नको. मागच्या वेळी मिसळीच्या तर्रीपुढे बिचारी वाइन टिकलीच नाही. या वेळी फक्त चीज आणि शेंगदाणे.

परतताना गाडी कोण चालवणार, ते शनिवारपर्यंत कळवा.